ज्याचा असन त्यानं घ्या!

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आमच्या वडनेर भोलजीत सगळे म्हणतात. म्हणोत. ज्या गावात ओटीपीची दवंडी दिली जाते, त्या गावात शांत डोक्यानं काम करून दाखवा आणि मग माझ्याशी बोला.

मी रुपाली. गावातल्या शेतकऱ्यांच्या कंपनीचं कामकाज बघते. कंपनी म्हटलं की लोकांना काचेची इमारत दिसते. आमची कंपनी म्हणजे जब्बारचाचांच्या फवारणी पंप दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि बसलं की कुरकुरणारा एक बाक. खाली चाचा दिवसभर पंपांचे वायसर बदलतात आणि वर मी लोकांशी भांडते. दोघांचंही बरं चाललेलं असतं.

आमचं मुख्य काम पतंग मोजणं. हसू नका. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं की आता बोंडअळीची कटकट संपली. काही वर्षं खरंच संपली होती. मग गुलाबी बोंडअळी आली आणि घरजावयासारखी मुक्कामाला राहिली. बाहेरून बोंड कसं टवटवीत, फोडलं की आत किडका कापूस आणि त्यात ही लाडावलेली लोळत पडलेली. एका वर्षी तर अर्ध्या शिवारानं उभ्या कपाशीत गुरं सोडली. त्या हिवाळ्यात गावात लोक एकमेकांशी धड बोलत नव्हते, चहालासुद्धा कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. ते पुन्हा बघायची माझी तयारी नाही.

म्हणून आम्ही शेतोशेती कामगंध सापळे लावले. काठीला टांगलेलं प्लास्टिकचं नरसाळं, खाली लांब पिशवी, आणि आत मादी पतंगाचा वास असलेली रबराची गोळी. नर बिचारा त्या वासावर भुलून येतो, मादी काही सापडत नाही आणि पिशवीत पडतो. हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा सापळे बघणाऱ्या बायांतल्या सगळ्यात वयस्क गोजरबाई पदर तोंडात धरून म्हणाल्या, "म्हंजे मानसाईवानीच हाये की हे!" पुढची पंधरा मिनिटं मला एक शब्द बोलता आला नाही, सगळ्या बाया हसत होत्या.

आठ बाया सापळ्यांतले पतंग मोजतात आणि आकडा फोनमध्ये टाकतात. आकडे ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की गावातल्या सगळ्या कापूसवाल्यांना निरोप जातो, 'फवारणी करा'. खाली असले तर 'थांबा'. माझ्या मते आमच्या कंपनीची निम्मी किंमत त्या 'थांबा'त आहे. नुसतं शेजाऱ्यानं मारलं म्हणून फवारणारा माणूस औषध वाया घालवतो, अळ्या खाणारे मित्रकिडे मारतो आणि स्वतःच्या छातीत विष ओढतो ते वेगळंच.

ही सगळी नोंद क्लाऊडवर राहते. ते उभं करून दिलं माझ्या मामेभावानं, प्रज्वलनं. तो पुण्यात असतो आणि मोठमोठ्या कंपन्यांचा क्लाऊड चोरापासून सांभाळायचा त्याचा धंदा आहे. आमचं काम त्यानं बहिणीच्या धाकानं केलं. क्लाऊड म्हणजे ढग, हे कळल्यावर गोजरबाईंनी कपाळाला हात लावला होता. "ढगावर भरोसा ठेवायचा म्हन्ता? आपल्याकडचा ढग त येऊन बी बरसत नाई."

प्रज्वलनं जाताना बजावून सांगितलं होतं. प्रत्येकीचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. जिला जेवढं काम, तिला तेवढाच दरवाजा उघडा. पासवर्डनंतर ओटीपी हवाच. मीही तेच म्हणत होते. पण आमच्याकडे घराची चाबी दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवून लोक वावरात जातात. कोणी आधी परत आलं तर त्याची अडचण नको, एवढाच हिशेब. चोरालाही ती जागा माहीत असते, पण चोर ओळखीचा असल्यामुळे तो येत नाही. अशा गावात आठ बायांना आठ पासवर्ड सांगणं म्हणजे आठ जणींवर अविश्वास दाखवणं. "एका घराले येवढ्या चाब्या कायले पायजे?" असं बैठकीत विचारलं गेलं, हात वर झाले आणि मी पडले. सगळ्यांचं मिळून एकच खातं ठरलं, 'वडनेर'. त्याचा एकच पासवर्ड. आणि विसरायला नको म्हणून तो कोणीतरी आमच्या खोलीबाहेरच्या कोनाड्यात खडूनं लिहूनही टाकला. मी पुसायची, दुसऱ्या दिवशी परत लिहिलेला असायचा. अक्षर मात्र सुंदर होतं.

राहिला ओटीपी. खातं एक म्हणून नंबरही एकच, चाचांकडे ठेवलेल्या कंपनीच्या फोनचा. त्या फोनला रेंज फक्त चाचांच्या दुकानाच्या ओट्यावर यायची. बाया वावरात. त्यांच्या हातातला फोन दर दोन-चार दिवसांनी त्यांना विसरायचा आणि नवा ओटीपी मागायचा. आता तो वावरात पोचवायचा कसा?

जब्बारचाचांकडे भोंगा होता. पूर्वी ते लग्नाची वरात, हरवलेली बकरी, पाण्याची वेळ, काय वाटेल ते त्यावरून सांगत. आवाज असा की कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या शिवारापर्यंत ऐकू जावा. ओटीपी आला की ते हातातला पाना खाली ठेवायचे, घसा साफ करायचे आणि सुरू करायचे:

"ऐका हो ऐका! कंपनीचा ओटीपी आला हाये! चार! सात! शून्य!..." असे सहाही आकडे झाले की शेवटी ठरलेलं वाक्य, "ज्याचा असन त्यानं घ्या!"

वावरातून एखादी बाई ओरडायची, "चाचा, फिरून सांगा, मधला राह्यला!" चाचा फिरून सांगायचे. रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा थांबून तिला आकडे पोचवायचा. गावातले दोघे-तिघे त्या आकड्यांवर मटका लावायचे अशी बातमी होती. मी चाचांवर ओरडले तर ते शांतपणे म्हणाले, "बेटा, दवंडीत लपवायचं काय असते?"

हे असं सुखात चाललं होतं. गणपती उठले, कपाशी बोंडांनी भरली, आणि एका दुपारी निरोप गेला, 'फवारणी करा'.

समोरच अर्जुनरावांचं कृषी केंद्र आहे. गोड माणूस. दुकानात गेलं की आधी पाणी, मग चहा, मग औषध. त्या दुपारी त्यांच्या दुकानापुढे अशी रांग लागली की एसटीला वळायला जागा नव्हती. संध्याकाळपर्यंत बाटल्यांची खोकी रिकामी. अर्धं गाव पाठीवर पंप घेऊन शिवारात उतरलं.

दुसऱ्या दिवशी काही जाणत्या शेतकऱ्यांनी बोंडं फोडून पाहिली. अळी नव्हती. दुसऱ्या वावरात पाहिली. तिथंही नव्हती. मग ते माझ्या खोलीत आले, आणि मी आकडे उघडून बघितले तर जिनिंगमागच्या सापळ्यांत एकदम तेवीस-तेवीस पतंग लिहिलेले. ते सापळे गोजरबाईंचे. मी त्यांना बोलावून घेतलं.

"मी तीन लिवले होते," गोजरबाई म्हणाल्या. "तीन. हाताच्या बोटावर मोजून लिवले. इथं तेवीस कोनं केले?"

वर्षाभरापूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, ते लगेच सगळ्यांना आठवलं. पारावर कोणीतरी म्हणालं, गोजरबाईले तीन अन् तेवीस सारखेच दिसते. त्यांचे यजमान माणिकराव, त्यांनी तर घरात बायकोला न विचारता निरोप आला म्हणून फवारून टाकलं होतं आणि वर तेच कुरकुरत होते. आणि अर्जुनराव? ते स्वतः रस्ता ओलांडून आले, गोजरबाईंना खुर्ची दिली आणि म्हणाले, "मनाले लावून घेऊ नका गोजरबाई. वय झालं की होते असं. आता तरन्या पोरीईले करू द्या."

गोजरबाईंनी आकडे टाकायला दिलेला फोन माझ्या टेबलावर ठेवला. "घे रुपा. मले दिसत नाई म्हन्तात लोकं." आणि जिना उतरून गेल्या. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मात्र दार लावून रडले, आणि राग आला की मला रडूच येतं हे गावाला माहीत नाही, तेवढं बरं आहे.

अडचण नुसती त्यांच्या मनाची नव्हती. पतंग आधी जिनिंगकडे दिसतात, कारण गेल्या वर्षीच्या कापसातल्या अळ्या तिथूनच उडतात. म्हणजे धोक्याची पहिली खबर गोजरबाईंच्या सापळ्यांतूनच यायची. महिन्याभरात खरे पतंग येणार होते. तोवर गोजरबाई परतल्या नाहीत, किंवा परतल्या पण त्यांच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, तर पुन्हा तेच वर्ष. उभ्या कपाशीत गुरं.

मी प्रज्वलला फोन केला. त्यानं पुण्यात बसून सगळा मागचा माग काढला.

"ताई, सकाळी तीन लिहिले गेलेत. दुपारी कोणीतरी ते बदलून तेवीस केलेत. नव्या फोनवरून."

"कोणी?"

"'वडनेर' नावाच्या माणसानं."

"अरे, ते तर आमचं सगळ्यांचं खातं!"

"तेच ना. तीन पण वडनेरनं लिहिले, तेवीस पण वडनेरनं. आठ बायांना एक नाव दिल्यावर मी कोणाला ओळखू? पण थांब, नव्या फोनवरून म्हणजे ओटीपी लागला असणार. तो कोणाकडे येतो?"

मी सांगितलं. भोंग्यासकट सांगितलं.

"ताई," तो म्हणाला, आणि पुण्यात पाच वर्षं घासूनपुसून बसवलेली त्याची भाषा एका दमात गळून पडली, "काऊन वं? काऊन केलं तुमी असं? अवं, मी दरवाजाले दोन कुलपं लावून देल्ली, अन् तुमी दुसऱ्या कुलपाची चाबी भोंग्यावरून वाटून राह्यले?"

चोराला काहीच करावं लागलं नव्हतं. पासवर्ड कोनाड्यात लिहिलेला. तो आपल्या फोनवर टाकायचा आणि कान देऊन बसायचं. बाकी काम जब्बारचाचा करत होते, तेही मोठ्या प्रेमानं.

प्रज्वलनं त्याच दिवशी नवी बांधणी केली. प्रत्येक बाईचं स्वतःचं नाव, स्वतःचा ओटीपी, स्वतःच्या फोनवर. प्रत्येकीला फक्त आपल्या सापळ्यांचा आकडा टाकता येईल, दुसरीचा बदलता येणार नाही. सगळ्या नोंदींची एक प्रत वेगळ्या जागी. आणि निरोपाच्या खाली ज्या बाईच्या आकड्यावरून तो निघाला तिचं नाव. "आणि ते जुनं 'वडनेर' खातं आता बंद करून टाकतो," तो म्हणाला.

"करू नको," मी म्हटलं.

"ताई?"

"सापळ्यातली गोळी कोणी काढून टाकतं का? खातं राहू दे. तिथं काही लिहिलं तर ते कुठंच जाऊ नये, एवढं कर. ओटीपी मात्र चाचांच्याच फोनवर येऊ दे."

तो हसायला लागला. "याला आमच्याकडे एक नाव आहे, सांगू?"

"नको. आमच्याकडेही आहे."

गोजरबाईंच्या घरी गेले तेव्हा त्या अंगणात तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. सुपावरची नजर त्यांनी काढली नाही.

"मावशी, तुमच्या डोळ्यांत काही खराबी नाही. खराबी कुलपात होती."

"मंग ते गावाले सांग. मले कायले सांगतं?"

"गावाला सांगून पटणार नाही. दाखवावं लागेल. बाजाराच्या दिवशी चला."

त्या बराच वेळ पाखडत राहिल्या. "बीटीच्या थैलीसंग एक लहान पुडी यायची, आठोते का तुले?" त्या अचानक म्हणाल्या. "बांधाच्या कडेनं साधी कपाशी लावा म्हनत."

आठवत होती. अळीनं बीटीला सरावू नये म्हणून चारी बाजूंनी साधं बियाणं पेरायचं असायचं. ती पुडी आख्खा जिल्हा फेकून द्यायचा, फुकट जागा कोण घालवणार म्हणून.

"आमीच फेकली," गोजरबाई म्हणाल्या. "तुह्या त्या पासवर्डाचं बी आमी तसंच केलं. तू बोंबलत होती, अन् आमी हात वर केले." मग सूप बाजूला ठेवून उठल्या. "चाल. पायतोच कोन हाये तो पतंग."

आता आमिष ठेवायचं होतं. ते काम जब्बारचाचांकडे दिलं. बाजाराच्या आदल्या दिवशी त्यांनी चहाच्या टपरीवर, मग न्हाव्याकडे, मग मशिदीपुढच्या बाकावर आणि शेवटी अर्जुनरावांच्या ओट्यावरसुद्धा एकच गोष्ट सांगितली, की या आठवड्यात पतंगच नाहीत, उद्या सांजी 'थांबा' म्हणून निरोप जाईन, महिनाभर औषधाचं नाव नको. चाचांचा अभिनय इतका वाईट होता की मला लाज वाटत होती. दर वाक्यानंतर ते वर माझ्या खिडकीकडे बघायचे. पण माणसाला ऐकायचं नसतं ते ऐकू आलं की तो सांगणाऱ्याच्या तोंडाकडे कशाला बघेल?

बाजाराच्या दिवशी मी आठही बायांना वर बसवलं. सगळ्यांचे फोन एका सुपात गोळा केले आणि त्यावर गोजरबाईंचा रुमाल टाकला. म्हणजे आता ओटीपी मागणारं कोणी असेल तर ते आमच्यातलं नसणार. खाली बाजार भरला होता. मिरच्या, वांगी, बांगड्या, प्लास्टिकच्या बादल्या. चाचा पंपाचा नोझल उगाचच चौथ्यांदा साफ करत होते. मी खिडकीत. चहा झाला. दुसरा चहा झाला. एका बाईला डुलकी लागली. मला वाटायला लागलं की मी स्वतःला फार शहाणी समजते, आणि आता या सगळ्या घरी जाऊन काय बोलतील.

आणि खाली फोन वाजला. टुंग.

चाचांनी पाना खाली ठेवला. घसा साफ केला. भोंगा लावला.

"ऐका हो ऐका! कंपनीचा ओटीपी आला हाये! दोन! नऊ! नऊ! एक! पाच!"

आणि थांबले. भोंगा चालूच. त्यांनी किटलीतून चहा ओतला, बशीत घेतला आणि फुंकर मारली. त्या फुंकरीचा आवाज जिनिंगपर्यंत गेला असणार.

बाजार थांबून ऐकत होता. आमच्या गावाला त्या आकड्यांची इतकी सवय झाली होती की पाचावर कोणालाच चैन पडत नव्हतं. वांगी तोलणाऱ्यानं तराजू हातात तसाच धरला. चाचांनी चहाचा एक घोट घेतला. दुसरा घेतला.

तेवढ्यात समोरून, कृषी केंद्राच्या काउंटरमागून, हातात मोबाईल घेतलेले अर्जुनराव अर्धे बाहेर वाकले आणि रोज ऐकून ऐकून तोंडात बसलेल्या त्याच सुरात ओरडले, "ओ जब्बारभाई! सहावा आकडा राह्यला न!"

अर्जुनरावांचा अंगठा फोनवर तसाच उचललेला होता. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, आणि त्यांना कळलं की आख्खा बाजार त्यांच्याकडे बघतो आहे.

चाचांनी बशी खाली ठेवली. भोंगा अजून चालूच होता. "अर्जुनराव," ते मोठ्या अदबीनं म्हणाले, "तुमच्या वावरात कंपनीचा सापळा कवा लागला?"

असा हशा पिकला की मला खिडकीची चौकट धरावी लागली. अर्जुनराव "नाई, मी त गंमत... मी त सहज..." असं काही म्हणत राहिले, पण त्यांचं कोण ऐकतंय? फोनवर 'वडनेर' खातं उघडायचं पान तसंच होतं, ते शेजारच्या गिऱ्हाइकानंच मोठ्यानं वाचून दाखवलं.

गोजरबाई जिना उतरल्या. बाजार हसायचा थांबला. त्या रस्ता ओलांडून थेट काउंटरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता शिव्या देतील. मी असते तर दिल्या असत्या, सगळी बाराखडी.

"अर्जुनराव," त्या म्हणाल्या, "माह्ये डोये चांगले हायेत. तीन असले त मले तीनच दिसते."

एवढंच बोलून त्या वळल्या. माणिकराव गर्दीतच होते. ते पुढे झाले आणि बायकोच्या हातातली भाजीची पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी भर बाजारात एवढं कधी केलं नव्हतं, असं बाया नंतर आठवडाभर सांगत होत्या.

लोकांनी न फोडलेल्या बाटल्या परत आणल्या आणि अर्जुनरावांनी मान खाली घालून त्या मांडणीवर परत लावल्या. आता ते चहा विचारत नाहीत. मेलेले मित्रकिडे मात्र कोणी परत आणून दिले नाहीत, आणि त्याचा माझा राग अजून गेलेला नाही. 'वडनेर' खातं त्याच संध्याकाळी बंद झालं. कोनाड्यातला खडूचा पासवर्ड मी ओल्या फडक्यानं पुसला, आणि या वेळी तो परत कोणी लिहिला नाही. जब्बारचाचा थोडे हिरमुसले. त्यांचा भोंगा परत बकऱ्यांवर आला.

नवे पासवर्ड ठेवायचे म्हणून मी बायांना एकेक करून खोलीत बसवलं. गोजरबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी मलाच बाहेर काढलं आणि दाराला आतून कडी लावली. बराच वेळ आतून पुटपुट ऐकू येत होती. बाहेर आल्या तेव्हा चेहरा असा, जसा काही खजिना पुरून आल्या.

आता शेवटचं सांगते, आणि त्यात माझीच फजिती आहे.

दसऱ्यानंतर गोजरबाई आठवडाभर संग्रामपूरला लेकीकडे गेल्या होत्या. सापळे माणिकराव बघत होते. एका सकाळी ते धापा टाकत जिना चढून आले. "रुपा, पिशव्या भरल्या! एका रातीत! सगळ्या सापळ्यात!" मी त्यांच्यासोबत जाऊन पाहिलं. खरंच होतं. पतंग आले होते. आता एक दिवसाचा उशीरही नको होता. पण ते सापळे गोजरबाईंच्या नावावर, त्यात आकडा टाकायचा अधिकार फक्त त्यांना.

मी त्यांना फोन लावला. "मावशी, पतंग आले. तुमचा पासवर्ड सांगा लवकर, मी इथून टाकते."

तिकडे मागे लेकीच्या घरातली भांडी वाजत होती.

"नाई," गोजरबाई म्हणाल्या.

"अहो मावशी, मी रुपाली बोलतेय!"

"हाव, माहीत हाये. तुलेई नाई सांगनार."

शेजारून माणिकराव फोनकडे तोंड करून ओरडले, "अवं, मले सांग मंग! मी नवरा हावो न तुहा!"

"तुमाले त बिलकूल नाई." मग त्यांचा आवाज कामाचा झाला. "पिशव्या एकेक करून मोजा अन् मले सांगा. दोनदा सांगा. रुपा, तू पन मोज. अन् दहा-वीस बोंडं फोडून पाहा. मंग मी इथूनच टाकतो. ढग इथं बी हायेच न?"

मी पासवर्डाबद्दल आख्ख्या गावाला शिकवणारी बाई, आणि पासवर्ड मागताना माझी जीभसुद्धा अडखळली नव्हती! आम्ही दोघांनी उन्हात बसून पतंग मोजले. बोंडं फोडली. एकात अळी सापडली, अगदी बारीक, नुकतीच आत शिरलेली. म्हणजे वेळ होती. मी आकडे सांगितले, त्यांनी परत म्हणून दाखवले, आणि पलीकडे त्या हळूहळू एकेक अक्षर टाकताहेत हे श्वासावरून कळत होतं.

"झालं," त्या म्हणाल्या. मग फोन ठेवायच्या आधी विचारलं, "रुपा, रागावली का वं?"

"नाही हो."

"माहेरची चाबी मायजवळ राहे. सासरी आली त सासूच्या कमरेले. सासू गेल्यावर कोनाड्यात. आता सुनेजवळ. माह्या जल्मात हे पयलीच चाबी हाये, जे फक्त मले माहीत हाये. कोनाले देवावं नाई वाटत."

कोणी मला इतकं स्पष्ट नाही म्हणावं आणि मला इतका आनंद व्हावा, असं आजवर झालं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला, माणिकरावांचा खिशातला वाजला, आणि बांधापलीकडे काम करणाऱ्यांचेही वाजले. 'फवारणी करा. नोंद : गोजरबाई, वडनेर भोलजी.' शेजारच्या वावरातला माणूस उभा राहिला, निरोप वाचून झाल्यावर त्यानं खालचं नाव परत एकदा वाचलं, आणि कोणाला काही न विचारता पंप आणायला घराकडे निघाला.